पडतं घेणारा बाहुला

या अंकाचे संपादक धाराशिवला आले ते आधी माझ्या धाकट्या भावाच्या, वशाच्या, घरी गेले. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण ते मला लागलं आहे. आम्ही दोघांनी मिळून वर्षानुवर्षं गावोगाव हातबाहुल्यांचे खेळ केले. पण जुन्या माणसांना विचाराल तर ती म्हणतील, "व्हय व्हय, वसंतराव भावलीवाले! त्येंच्यासंगं आनखी एक जन असायचा." तो आणखी एक जण म्हणजे मी, माधव. वशापेक्षा आठ वर्षांनी मोठा. बाहुल्या बनवणारा मी, खेळ लिहिणारा मी आणि वशाला या कामात आणणाराही मीच. वशानं संपादकांना सांगितलं, "लिवायचं काम दादाचं. म्या नुसता बोलनारा." तेव्हा कुठं ते माझ्या दारी आले. म्हणजे हा लेखसुद्धा त्यानं सोडला म्हणून मला मिळाला.

काम काय होतं ते नव्या वाचकांना सांगायला हवं. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. गावागावांत विकासाची कामं निघाली होती आणि ती लोकांना समजावून सांगायला एक प्रचार पथक नेमलं होतं. पथक म्हणजे आम्ही दोघं, एक जीप आणि जीप चालवणारे हमीदभाई. हमीदभाई ढोलकीही वाजवत. विहिरीचं पाणी, शेणखताचा खड्डा, फवारणी, देवीची लस, असलं काहीही असो, वरून विषय यायचा आणि मी त्याचा खेळ लिहायचो. नुसता विषय सांगितला तर माणसं तंबाखू मळत उठून जात. म्हणून मी एक कुटुंब तयार केलं. तापट बाप, कामाला वाघ असलेली आई आणि सदा भांडणारे दोघं भाऊ. थोरला भिका, धाकटा रंग्या. हल्ली नातवंडं टीव्हीवर रंगीत चित्रांतल्या भावंडांच्या मारामाऱ्या बघून लोळून हसतात, तसाच आमचा प्रकार होता. फक्त आमची चित्रं बोटांवर बसायची.

हातबाहुलीचं डोकं कागदाच्या लगद्याचं. लगद्यात मेथीचं पीठ घालायचं, म्हणजे कीड लागत नाही. खाली झगा. आमचे वडील शिंपी, त्यामुळं झगे मीच शिवायचो. डोक्यात पहिलं बोट, एका बाहीत अंगठा, दुसरीत मधलं बोट. आपण पडद्याआड गुडघे वाकवून उभं राहायचं आणि हात वर धरायचा. पाव तास हात वर धरून बघा, म्हणजे खांदा काय असतो ते कळेल. आईबाप थोडा वेळच यायचे, ते डाव्या हातांवर. उजव्या हातांवर कायम भाऊ. माझ्या हातावर भिका, वशाच्या हातावर रंग्या.

आता यातली मेख सांगतो. रंग्या काठीनं भिकाला बडवतो आणि लोक हसतात. लोकांना वाटतं, हसवलं रंग्यानं. प्रत्यक्षात काठी बाहुल्याला लागायचीच नाही, लगद्याचं डोकं फुटलं असतं. आवाज काढायचे हमीदभाई, ढोलकीच्या लाकडावर बोट मारून. आणि मार दिसायचा तो माझ्या बोटात. काठी टेकायच्या कणभर आधी बोट वाकवायचं. पहिल्या फटक्याला मान मोडायची, दुसऱ्याला गरकन फिरायचं, तिसऱ्याला पडद्याच्या काठावर उताणं पडून हात लोंबते सोडायचे. आणि सगळे हसून दमले की हळूच डोकं वर करून म्हणायचं, "बास? दमलास व्हय?" की पुन्हा हशा. या पडण्याला आम्ही आपसांत 'पडतं' म्हणायचो. "पडतं आज झ्याक घेतलंस दादा," असं वशा म्हणायचा. शब्द आईचा होता. लहानपणी आमचं भांडण झालं की ती मला म्हणायची, "तू थोरला हायस न्हवं? मग पडतं घे." ऐकून ऐकून माझे कान किटले होते, आणि मोठेपणी सरकारनं मला तेच करायला नोकरी दिली.

वशाला मी कसा आणला, तेही सांगतो. मी एका शिबिरात पंधरा दिवस ही कला शिकून आलो तेव्हा दुसऱ्या दोन हातांची गरज होती. वशा रिकामा होता, गल्लीत लोकांच्या नकला करत हिंडायचा. मी पथकाच्या साहेबांना म्हणालो, घरचाच आहे, सांभाळून घेईन. पहिला खेळ झाला आणि त्याच दिवशी मला कळलं की मी आपल्या पायावर धोंडा पाडून घेतलाय. त्याचा आवाज! बारीक, जरा नाकातला, प्रत्येक वाक्याच्या शेवटाला वर उचललेला. रंग्यानं नुसतं "आरं भिक्याऽ" म्हटलं तरी बाया पदर तोंडाला लावायच्या. ती वाक्यं माझी होती. पण वाक्यं कुणाला ऐकू येतात?

जळकोटला आठवड्याच्या बाजारात खेळ झाला. खेळ संपल्यावर एक म्हातारी फडक्यात दोन भाकरी आणि शेंगांची चटणी बांधून पडद्यामागं आली. "रंग्याला द्या म्हनं. लई वाळलंय लेकरू," असं म्हणाली. वशानं रंग्याला हातावर चढवून तिला नमस्कार केला. तिनं त्या लगद्याच्या डोक्यावरून बोटं फिरवून कानशिलावर मोडली. मी भिकाला हातातून काढत होतो. म्हातारीनं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "तुमी कोन? सामान उचलनारं व्हय?" वशानं सांगितलं, "आजी, ह्यो भिका. माजा दादा." त्यावर ती म्हणाली, "मग जरा श्यान्यासारका वाग की रं बाबा, लेकराला तरास देतुयास." भाकरी तिघांनी खाल्ल्या. चटणी चांगली होती, पण ती रंग्याची होती.

माझी एक मोठी अडचण होती. माझं शिक्षण निजामाच्या अमदानीत झालं, म्हणजे सगळं उर्दूत. मराठी घरात बोलायचो, पण बाळबोध, म्हणजे देवनागरी, लिहिताना हात अडखळायचा. त्यामुळं खेळ मी मराठीत रचायचो आणि उर्दू अक्षरांत लिहायचो. वशा शाळेत गेला तोवर राज्य बदललं होतं. त्याचं अक्षर मोत्यासारखं, तो नंतर ते बाळबोधीत उतरवून काढायचा. एकदा आहारावरचा खेळ घाईत होता आणि माझंच उर्दू बाड मंजुरीला गेलं. कचेरीत जुन्या अमदानीतले एक मुनशीजी होते, ते वाचायला बसले. थोड्या वेळानं त्यांनी मला बोलावलं. चेहरा गंभीर. म्हणाले, "माधवराव, ये घर में तोप कायकू रखे?"

मला काही कळेना. मुनशीजींनी ओळीवर बोट ठेवलं. भिका आईला म्हणतो, "माझ्या भातावर एवढंसं तूप आणि रंग्याच्या भातावर एवढं?" उर्दू अक्षरांत 'तूप' आणि 'तोप' अगदी एकसारखं लिहितात. मुनशीजींनी वाचलं होतं, आईनं रंग्याच्या भातावर मोठी तोप ठेवली. निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शनच्या आठवणी अजून ताज्या होत्या, घरातली तोप म्हणजे थट्टा नव्हे. मी घाबरून तुपाचा खुलासा केला. मुनशीजी पोट धरून हसले आणि शिक्का मारून दिला.

घरी येऊन मी ही फजिती वशाला सांगितली. चूक माझी, फजिती माझी. त्यानं काय करावं? दुसऱ्या दिवशी खेळात भिका तूप मागायला लागला तसा रंग्या ओरडला, "आये, भिक्याला तोप पायजे, तोप! भातावर वाड, पर वात पेटवू नगंस!" धाराशिवात अर्ध्या लोकांना दोन्ही लिप्या येत होत्या. ती माणसं जी हसली, ती थांबेचनात. पुढं त्या खेळाचं नावच 'तोपेचा खेळ' पडलं आणि लोक म्हणायचे, "वसंतरावांचं डोकंच तसलं."

आणि तुपाचं ते भांडण मी कल्पनेनं लिहिलं नव्हतं. आमच्या घरात सणाला भात व्हायचा आणि वशाच्या भातावर तूप जास्त असायचं. मी ते चमचा चमचा बघितलेलं आहे. आई म्हणायची, तो अशक्त आहे. अशक्त कसला, लोखंडासारखा होता.

मला ओळखणारा माणूस एकदाच भेटला, सोनारीला. भैरवनाथाच्या यात्रेत दुपारी आमचा खेळ होता. तिथले दोघं सख्खे भाऊ बांधावरून वैर धरून होते. एक पडद्याच्या या टोकाला बसला, दुसरा त्या टोकाला. भिकानं पडतं घेतलं आणि दोघं एकाच क्षणी मोठ्यानं हसले. एकमेकांचं हसू ऐकून एकमेकांकडं बघितलं आणि पुन्हा माना फिरवल्या. खेळ सुटल्यावर त्यांच्यातला थोरला पडद्यामागं आला. "भिका कोन हाय?" मी हात वर केला. त्यानं माझा पंजा दोन्ही हातांत धरून उलटापालटा करून बघितला, बैलाचा खूर बघावा तसा. "काठी कोनबी मारंल. पडायला लई कसब लागतं. म्या जानतो," असं म्हणून निघून गेला. मला वाटलं, आमच्या खेळानं भाऊ एक झाले, आता हे वर कळवावं. पण दुसऱ्या दिवशी गाव सोडताना कळलं, त्यानं पहाटेच बांधावरचा दगड आणखी हातभर पलीकडं सरकवला होता. तरी पण तो माझा माणूस. त्याला मी अजून विसरलेलो नाही.

आता मुख्य गोष्टीकडं येतो. ती टाळावी म्हणूनच इतका वेळ इकडंतिकडं फिरलो.

धाराशिवला शेतकी प्रदर्शन भरलं होतं, त्यात आमचा खेळ ठरला. आठ दिवस आधी कचेरीत पत्र आलं. मुंबईहून एक साहेब येणार होते. त्यांच्याकडं चित्रं काढून ती सिनेमाच्या पडद्यावर हलवण्याचं काम चाले. लोकशिक्षणासाठी एका भांडखोर कुटुंबाची अशी हलती चित्रं करायची होती आणि त्यातल्या धाकट्या भावासाठी त्यांना आवाज हवा होता. 'रंग्याचा आवाज देणारे कलावंत' यांचा खेळ बघून, पसंत पडल्यास, त्यांना मुंबईला कायमच्या नोकरीवर घेणार होते. पत्रात कुटुंबाचा उल्लेख होता, भावांच्या भांडणाचा होता, विहिरीच्या खेळाची स्तुती होती. लिहिणाऱ्याचा उल्लेख नव्हता. भिकाचाही नव्हता.

वशानं ते पत्र घरी सगळ्यांना वाचून दाखवलं. आई देवापुढं साखर ठेवायला उठली. वशा मला म्हणाला, "दादा, तू म्हनशील तर जातो." मी म्हणालो, "जा की. घर का अडतंय?" तोंडानं म्हणालो. आतून मी जळत होतो. वशा वाईट असता तर बरं झालं असतं, राग धरायला जागा मिळाली असती. तो आठ दिवस मला विचारत राहिला, हे वाक्य कसं म्हणू, इथं थांबू का. मी त्याला नीट सांगत राहिलो आणि रोज थोडा जास्त जळत राहिलो.

प्रदर्शनाच्या दिवशी तिसऱ्या प्रहरी, लिंबाच्या सावलीत, आमचा पडदा लागला. समोर मोठी गर्दी, पहिल्या रांगेत खुर्चीवर मुंबईचे साहेब. खेळ नारूचा होता, म्हणजे पाण्यातून अंगात शिरणाऱ्या जंताच्या रोगाचा. भिका पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाण्यात पाय बुडवतो, त्यानं नारू पसरतो, म्हणून रंग्या त्याला काठीनं हाकलून काढतो. सुरुवात छान झाली. साहेब मान डोलवत होते. मी पडद्याच्या फटीतून बघितलं, त्यांचे डोळे सारखे रंग्याच्याच हालचालीवर होते. भिका बोलत असला तरी ते रंग्याकडंच बघत होते.

रंग्यानं काठी उगारली. हमीदभाईंनी ठोक केलं. आणि मी बोट वाकवलं नाही.

भिका ताठ उभा राहिला. काठी हवेत फिरून गेली. कुणी हसलं नाही. दुसरा फटका, दुसरा ठोक. मी बोट ताठच ठेवलं. गर्दीत कुणीतरी खोकललं. बाहुला पडला नाही की मारणारा किती येडा दिसतो, हे मला पक्कं माहीत होतं. पडणाऱ्यावाचून मारणाऱ्याच्या हातात नुसता लाकडाचा तुकडा असतो. हमीदभाई ढोलकी सोडून माझ्याकडं बघायला लागले. तिसरा फटका वशानं मारलाच नाही. पडद्याआड त्यानं माझ्याकडं बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो घाबरला होता. कुजबुजला, "दादा, हाताला काय झालं?"

मी म्हणालो, "मुंग्या आल्या. बोटं हलंनात."

एवढं खोटं बोलायला एक क्षण लागला. वशानं दुसरा क्षण घालवला नाही. रंग्यानं काठी फेकून दिली, भिकाच्या कमरेत हात घातला. असं करताना वशानं आपल्या डाव्या हातानं माझं मनगट खालून उचलून धरलं, मला भार नको म्हणून. आणि रंग्या लोकांकडं वळून म्हणाला, "मंडळी, थांबा. आमच्या दादाला चक्कर आली जनू. भांडन उद्या करू, आदी ह्याला भाईर काडू." रंग्या भिकाला कधी दादा म्हणत नसे, मी तसं कधी लिहिलंच नव्हतं. मग वशानं भिकाचाही आवाज काढला. माझा आवाज. जाड, रेंगाळणारा, "मला काय बी झालं न्हाय, जरा पानी बघून येतो की…" आणि रंग्या, "पान्यात पाय घालू नगंस म्हनलं न्हवं, मुडद्या!" हशा असा उसळला की लिंबावरचे पक्षी उडाले. उरलेला सगळा खेळ त्यानं दोन्ही आवाजांत एकट्यानं केला. माझा आवाज त्यानं माझ्याहून चांगला काढला. मी नुसता हात वर धरून उभा होतो, आणि तोही त्यानंच तोलून धरलेला.

साहेब खुर्चीवरून उठून पडद्यामागं आले. "एकाच माणसात दोन्ही भाऊ! अहो, मला तर दोन माणसांची सोय करावी लागणार होती," असं म्हणून त्यांनी वशाचा हात हातात घेतला. "पुढच्या महिन्यात या." मी बुडवायला गेलो आणि त्याला तारून बसलो. हे एवढंच झालं असतं तरी माझी जिरली म्हणून मी गप्प बसलो असतो.

पण वशा म्हणाला, "साहेब, दादाचा हात बरा होऊ द्या. मग बघू."

त्या दिवसापासून आमच्या घरात माझ्या हाताचं पथ्य सुरू झालं. आई करडईच्या तेलात लसूण कडकडवून द्यायची आणि वशा दिवस मावळायच्या वेळी माझी दोन बोटं चोळत बसायचा. "हितं दुखतंय? का हितं?" मी म्हणायचो, जरा वर. खरं सांगतो, मला ते आवडत होतं. आई तेल घेऊन माझ्याकडं यायची, वशाकडं नाही. पहिल्या आठवड्यात शरमेनं बोललो नाही. दुसऱ्या आठवड्यात मुंबईचं पत्र आलं, कधी येताय म्हणून. मी म्हणालो, "अजून आखडतंय बग." वशानं कळवलं, थोडा अवधी द्या. आणखी एक पत्र आलं. मग पत्रं यायची थांबली. साहेबांनी दुसरा कुणी शोधला असणार. पत्रं थांबली त्या दिवशी मला सुटल्यासारखं वाटलं, आणि ते वाटलं म्हणून त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

हमीदभाईंना कळलं होतं. एकदा मी जीपजवळ बसून भिकाचा झगा शिवत होतो. ते मागं येऊन उभे राहिले, मला पत्ता नाही. मी दोरा चिमटून सुईत ओवला, पहिल्याच झटक्याला. हमीदभाई म्हणाले, "माधवराव, सुई में धागा तो बराबर डाले तुम." मी वर बघितलं नाही. ते खाली बसले, विडी काढली. "बोल देव एक बार. भाई है तुमारा." मी म्हणालो, "बोलतो." त्यांनी पुन्हा कधी विषय काढला नाही. कुणाला सांगितलंही नाही. ते गेले तेव्हा त्यांच्या मयतीला गेलो होतो. खांदा देताना मनात आलं, आता जाणणारा कुणी उरला नाही. दुःखाच्या वेळी मनात असलं काही यावं, याची लाज वाटते, पण ते आलं.

वशा मुंबईला गेला नाही. पथक मोडल्यावर आम्हाला कचेरीत घेतलं. तो आवक-जावकच्या टेबलावर बसून निवृत्त झाला. शाळांतून, लग्नांतून हौसेनं रंग्या करायचा, पुढं तेही थांबलं. मी भिका डाव्या हातावर घ्यायला शिकलो होतो, नाटक पुरं वठवायला नको का? डाव्या हातानं पडतं तितकं चांगलं येत नाही. लोकांनी फरक ओळखला नाही. वशानं ओळखला, पण म्हणाला, "हात दुकतुय तरी एवढं करतुयास, लई हाय."

मला आजही त्याचा मत्सर वाटतो. म्हातारपणी माणूस निवळतो म्हणतात, मी निवळलेलो नाही. आमच्या दोन्ही घरची पोरं टीव्ही सोडून त्याच्याभोवती बसतात. माझ्याभोवती बसत नाहीत. पण त्या टीव्हीतली भावंडं बोलायला लागली की मी उठून परसात जातो. तिथं असाच एखादा आवाज त्याचा असता, अख्ख्या मुलखानं ऐकला असता.

वशाचे डोळे दोन वर्षांपूर्वी गेले. मोतीबिंदूचं ऑपरेशन बिघडलं. मी हे लिहायला घेतलं तेव्हापासून तो रोज तिसऱ्या प्रहरी येतो आणि म्हणतो, वाच. काल मुंबईच्या पत्रापर्यंतचं वाचलं, म्हातारीच्या भाकरीवर पुन्हा हसला, सोनारीच्या त्या थोरल्याला त्यानं शाबासकी दिली, आणि 'जळत होतो' या वाक्याशी मी थांबलो तर म्हणाला, "आरं, मला कळत नव्हतं व्हय ते? थोरल्यानं थोडं जळावंच. पुढं वाच." मी म्हणालो, पुढचं लिहायचंय.

ते आज लिहिलं. त्याला दिसत नाही, ही पानं वगळून थेट निवृत्तीवर उडी मारली तरी त्याला समजणार नाही. छापून आल्यावरही वाचून दाखवणारा मीच. सकाळपासून तीन वेळा पानं वेगळी काढून ठेवली आणि तीन वेळा पुन्हा जागेवर लावली.

आत्ताच तो आला. चौकटीला हात लावून, उंबरा चाचपून, ओसरीवर माझ्या उजव्या अंगाला बसला. बसल्या बसल्या, इतकी वर्षं रोज विचारतो तसं त्यानं विचारलं, "दादा, हात कसा हाय?"

मी म्हणालो, "थांब वशा. आज तेच वाचायचंय."